दीर्घिकांची माफी

माझी चूक आधीच सांगून टाकतो. ती शेवटासाठी राखून ठेवली तर मधल्या मजकुरात मी स्वतःला थोडा थोडा बरा दाखवत जाईन, हे मला माहीत आहे. एका शिक्षिकेचं व्याख्यान मी होऊ दिलं नाही. त्या जे सांगत होत्या ते मला ठाऊक नव्हतं, आणि मला ठाऊक नाही म्हणजे ते चूकच असणार, असं मी भरल्या खोलीत ठरवून टाकलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. वर त्यांना एक वाक्य ऐकवलं. आपली खरी चूक ते वाक्य होतं, हे कळायला मला फार वेळ लागला.

मी नाशिकमध्ये एका बँकेत नोकरी करतो. शिक्षण बी. कॉम. शाळेत असताना आलेल्या एका धूमकेतूने आकाशाचं वेड लावलं, ते सुटलं नाही. आमचं आकाशप्रेमींचं एक छोटं मंडळ आहे. पूर्वी आम्ही गंगापूर धरणाकडे दुर्बीण घेऊन जायचो. आता तिकडे हॉटेलांचे दिवे आले, म्हणून पेठ रस्त्याने आत डोंगरात जातो. दर हिवाळ्यात शहरात व्याख्यानमाला असते. मंडळाची एक जुनी रीत आहे: व्याख्यानाच्या आधीच्या रविवारी सकाळी तालीम. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांच्या, म्हणजे काकांच्या, दिवाणखान्यात सतरंजी टाकायची. वक्त्याने पूर्ण व्याख्यान म्हणून दाखवायचं आणि मग सगळ्यांनी चिरफाड करायची. लोकांसमोर चुकीचं काही जाऊ नये, हा हेतू. शेवटचा शब्द माझा. तो मला कोणी दिला नव्हता, वर्षानुवर्षं माझ्याकडे साचत गेला होता.

माझंही एक ठरलेलं व्याख्यान होतं, विश्वातल्या मोठ्या वस्त्या कशा झाल्या यावर. आश्रमशाळांपासून कॉलेजांपर्यंत मी ते देत आलो. सुरुवातीला विश्वात पदार्थ जवळजवळ सारखा पसरलेला होता. कुठे किंचित दाट, कुठे किंचित विरळ, इतकंच. जिथं दाट, तिथलं गुरुत्वाकर्षण थोडं जास्त. तिथं न दिसणारं कृष्णद्रव्य गोळा झालं, त्याच्यात वायू ओढला गेला, वायूचे तारे झाले आणि छोट्या दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांच्या वसाहती, जन्मल्या. त्या एकमेकींत मिसळत मोठ्या झाल्या. आणि सर्वांत शेवटी शेकडो दीर्घिकांचे समूह. मी सांगायचो, "आधी पाडा, मग वाडी, मग गाव, मग शहर." लोक माना डोलवायचे. हे खोटं नव्हतं. पुस्तकांतही जवळपास असंच होतं. फक्त वीस वर्षांत मी त्या उपमेच्या प्रेमात पडलो होतो, आणि प्रेमात पडलेला माणूस बातम्या वाचत नाही.

या शिक्षिका आमच्या मंडळात नव्या होत्या. सिन्नरच्या एका शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायच्या, रोज नाशिकहून एस.टी.ने जाऊन येऊन. भौतिकशास्त्रात एम. एस्सी. वडील सातपूरला कारखान्यात लेथवर होते, आणि राहायला त्या अजूनही तिकडच्याच कामगार कॉलनीत. त्या हिवाळ्यात त्या म्हणाल्या, "मोठ्या दीर्घिकांवरचं व्याख्यान या वेळी मी देऊ का? नव्या अवकाश दुर्बिणीने बरंच काही बदलून टाकलंय." मी हो म्हणालो. तोंडाने.

तालमीला आम्ही पंधरा-वीस जण होतो. माझी बायकोही होती. तिला आकाशापेक्षा माणसं आवडतात, म्हणून ती तालमीला न चुकता येते.

बाईंनी भिंतीवर एक चित्र टाकलं. काळोखात लाल ठिपके, एकेक ठिपका म्हणजे एकेक दीर्घिका.

"हा प्रकाश निघाला तेव्हा विश्व साठ-सत्तर कोटी वर्षांचं होतं," त्या म्हणाल्या. "आज ते सुमारे तेराशे ऐंशी कोटी वर्षांचं आहे. म्हणजे असं समजा, ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या चौथ्या वाढदिवसाचा फोटो सापडलाय. आणि फोटोतल्या पोराला दाढीमिशा आहेत!"

सगळे खळखळून हसले. काका म्हणाले, "आणि हातात काठी पण असेल!"

"काठी अजून सापडली नाही, काका. शोधतायत."

पुन्हा हशा. माझ्या व्याख्यानात कधी कोणी असं हसलेलं मला आठवेना. ते मला टोचलं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण पहिली ठिणगी ती होती.

मी म्हणालो, "मॅडम, एक मिनिट. शून्याचा काही घोळ होत नाहीये ना?"

"नाही सर. परत परत बघितलंय."

"इतक्या लवकर आपल्या आकाशगंगेएवढी दीर्घिका? आधी पाडा, मग वाडी..."

"तेच तर गमतीचं आहे ना सर. काही ठिकाणी पाडा-वाडी करत बसायला वेळच मिळालेला दिसत नाही. आमची कॉलनी घ्या. तिथं पाडाही नव्हता, वाडीही नव्हती. नुसता माळ. कारखाने आले आणि बघता बघता चाळीच्या चाळी उभ्या राहिल्या. माझे वडील सांगतात, सकाळी कामावर जाताना नव्हती ती भिंत संध्याकाळी परत येताना असायची."

कोणीतरी "वा!" म्हणालं.

तो "वा" माझ्या उपमेवर पडलेला घाव होता. मी म्हणालो, "मॅडम, तुमच्या कॉलनीच्या कायद्याने विश्व चालत नाही."

खोली हसली. मघापेक्षा जोरात. काकांनी मांडीवर थाप मारली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग हसणाऱ्यांकडे, आणि लॅपटॉप बंद केला. न आपटता, सावकाश.

"बरं सर," त्या म्हणाल्या. "मग तुम्हीच घ्या व्याख्यान."

आणि मी घेतलं. तेच जुनं. शेवटी प्रश्नोत्तरांत एका कॉलेजातल्या मुलीने विचारलं, "सर, नव्या दुर्बिणीने फार लवकरच्या मोठ्या दीर्घिका दाखवल्यात ना?" मी म्हणालो, "सुरुवातीची मोजमापं अशी फसवी असतात." टाळ्या पडल्या. बाई त्यानंतर मंडळात आल्या नाहीत.

पुढचा प्रसंग बँकेतला. जेवणाची सुट्टी. डबा उघडला होता आणि त्या मुलीचा प्रश्न डोक्यात होता म्हणून मोबाइलवर वाचायला घेतलं. खरं तर ती मुलगी चूक आहे याची खात्री करून घ्यायची होती. पहिल्याच लेखात तेच चित्र आलं. तेच लाल ठिपके. खाली तीच साठ-सत्तर कोटी वर्षं. शून्य कुठंही चुकलं नव्हतं.

मी दुसरा लेख उघडला, मग तिसरा.  जे वाचत होतो ते एखाद्या किरकोळ दुरुस्तीसारखं नव्हतं. दीर्घिकेला आपल्याजवळचा सगळा वायू ताऱ्यांत बदलता येत नाही, हे मी स्वतः शिकवत आलो होतो. तारे झाले की त्यांतले दांडगे तारे लवकर फुटतात आणि त्या स्फोटांनी उरलेला वायू तापतो, बाहेर फेकला जातो. त्यामुळे वाढ आपोआप मंदावते. पण त्या ठिपक्यांची पहिली मोजमापं जशीच्या तशी खरी धरली, तर तिथं हाताशी असलेला जवळजवळ सगळा वायू तारे होऊन बसला होता. हे कसं शक्य आहे, असं जगभरची जाणती माणसं विचारत होती. कोणी म्हणत होतं, त्या काळी वायू इतका दाट होता की पहिले तारे फुटून वादळ सुटायच्या आत पुढचे जन्मून मोकळे झाले. कोणी म्हणत होतं, तारे सारखे जन्मत नव्हते, झपाट्याने उसळत होते, आणि आपल्याला ती उसळीच दिसते आहे. सगळे गोंधळलेले होते आणि तसं उघड सांगत होते. नाशिकमध्ये एकट्या मला कसलीच शंका आली नव्हती.

समूहांचंही तेच. मी ज्यांना "सर्वांत शेवटी" म्हणायचो, त्यांची बाळं त्या कोवळ्या विश्वात दिसत होती. आकाशाच्या एका लहानशा तुकड्यात कितीतरी दीर्घिका दाटीने जमलेल्या. मूळचा पदार्थ जिथं जास्त दाट होता, तिथं सगळंच आधी घडलं: दीर्घिका आधी, त्यांची गर्दीही आधी. पूर्ण वाढलेले समूह पुढे झाले, हे खरं. पण वस्ती पडायला सुरुवात केव्हाच झाली होती.

समोरच्या टेबलावरची सहकारी म्हणाली, "काय हो, घरी सगळं ठीक ना? चेहरा असा का?"

"ठीक," मी म्हणालो. विश्व मी समजत होतो तसं नाही, हे तिला कसं सांगणार? डबा तसाच बंद करून घरी नेला.

त्याच दिवशी मी बाईंना फोन करायला हवा होता. नाही केला. आज करू, उद्या करू असं चाललं. आणि मग दुसरी बातमी आली: त्या लाल ठिपक्यांपैकी काहींचा बराचसा प्रकाश ताऱ्यांचा नसावा. मध्यभागी वायू गिळत बसलेल्या कृष्णविवराभोवतीची ती धग असावी, त्यामुळे दीर्घिकांचं वस्तुमान फुगलेलं आलं असावं. हे वाचून मला आनंद झाला. इतका की बँकेतून येताना मी जिलबी घेतली.

"कशाबद्दल?" बायकोने विचारलं.

"सहज."

त्या जिलबीची आठवण आली की आजही अंगावर काटा येतो. ज्या विषयाने मला आयुष्यभर आनंद दिला त्यात मी आता एवढंच शोधत होतो: मला माफी मागावी लागू नये. पुढच्या काही महिन्यांत उलटीही बातमी आली. ते फसवे ठिपके वजा केले तरी सुरुवातीच्या विश्वात तेजस्वी दीर्घिका अपेक्षेपेक्षा जास्तच उरत होत्या. मग मी म्हणालो, अजून काही नक्की नाही, नक्की झालं की बोलू. विज्ञानाची अनिश्चितता मी चादरीसारखी अंगावर ओढून घेतली.

अशात एकदा कामासाठी पिंपळगाव बसवंतच्या शाखेत जावं लागलं. काम लवकर आटोपलं. कांद्याच्या टेम्पोंमधून वाट काढत स्टँडकडे निघालो, तर एका कॉलेजच्या फाटकावर फळा: "विश्वातल्या पहिल्या मोठ्या दीर्घिका". खाली बाईंचं नाव.

मी आत गेलो आणि शेवटच्या बाकावर बसलो. हॉल गच्च भरला होता. त्या बोलत होत्या, मुलं हसत होती, मग एकदम गप्प होत होती. मी माझ्या उपमेची वाट पाहत होतो. ती आली की तिची खिल्ली उडणार, आणि मग आमची फिट्टंफाट, असा माझा हिशेब. उपमा आली.

"पाडा, वाडी, गाव, शहर," त्या म्हणाल्या. "ही उपमा मी नाशिकच्या आमच्या मंडळात ऐकली. फार चांगली आहे, विसरू नका. बहुतेक ठिकाणी असंच झालं असावं. ती चूक नाही, अपुरी आहे."

 "आमच्या मंडळात" म्हणाल्या त्या. ज्या मंडळातून मी त्यांना घालवलं, त्याला त्या परक्या गावात आमचं म्हणत होत्या. पुढे त्यांनी कृष्णविवरांची शंकाही सांगितली, कमी झालेली वस्तुमानंही सांगितली, काही लपवलं नाही. "आम्हाला नक्की माहीत नाही" हे वाक्य त्यांनी अगदी सहज म्हटलं. वीस वर्षांत ते माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर फाटकाशी मी त्यांना गाठलं.

"अरे, सर! तुम्ही इथं?"

"मॅडम, मला तुमची माफी मागायची आहे. त्या दिवशी तुमचं बरोबर होतं."

मागे टेम्पोचा कर्कश हॉर्न वाजला. 

"पूर्ण बरोबर नव्हतं, सर. आत्ताच सांगितलं ना मी, काहींची वस्तुमानं नंतर कमी निघाली. तुमची शंका काही अगदीच वेडी नव्हती." मग माझ्याकडे नीट पाहत म्हणाल्या, "तुम्हाला एवढंच म्हणायचं होतं का?"

"हो. म्हणजे... हो."

"बरं. येते. बस चुकेल."

मी उभाच राहिलो. माफी मागितली होती आणि ती कुठंच पोचली नव्हती. उलट त्यांनीच माझी बाजू सावरून घेतली होती.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे दीर्घिकांची माफी मागून आलात."

"म्हणजे?"

"त्या लवकर झाल्या का उशिरा झाल्या, त्यांना काय वाटायचंय? बाईंना काय म्हणालात ते आठवतंय का?"

"शून्याचा घोळ..."

"ते नाही. त्यानंतर."

मला आठवत होतं. पण ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिने ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं, माझ्याच सुरात. "तुमच्या कॉलनीच्या कायद्याने." मग म्हणाली, "समजा गंगापूर रोडच्या बड्या वस्तीतल्या एखाद्या बाईंनी त्यांच्या सोसायटीचं उदाहरण दिलं असतं, तर म्हणाला असतात का असं?"

मी समोरची मेथीची एक जुडी सोडायला घेतली.

"कोणती कॉलनी ते खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. कमानीवर निळा झेंडा आहे, आत विहार आहे. म्हणून तर सगळे एवढे हसले." तिने हातातली जुडी खाली ठेवली. "मीसुद्धा हसले. इतके दिवस बोलले नाही म्हणून मला काही वाटत नव्हतं असं समजू नका."

मला धक्का बसला म्हणजे काय, ते सांगता येत नाही.  मी जात पाळणारा माणूस नाही, असं मी मनापासून मानत आलो होतो. कोणाच्याही घरी जेवतो, कोणालाही दुर्बिणीशी नेतो. आणि तरी त्या दिवशी हरायची वेळ आली तेव्हा माझ्या जिभेला ते हत्यार शोधावं लागलं नाही. ते तिथंच होतं, तयार. एकमेव एम. एस्सी. त्या होत्या. बी. कॉम. मी होतो. पण कोणी शिकवायचं आणि कोणी ऐकायचं, हे त्या खोलीत पदवीवरून ठरलेलं नव्हतं. ते कशावरून ठरलं होतं, ते मला माझ्याच वाक्याने सांगितलं. दीर्घिकांनी माझी एक उपमा मोडली होती. या वाक्याने माझ्याबद्दलची माझीच समजूत मोडली, आणि दुसरी हाताशी नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाईंना फोन केला. म्हणालो, "मॅडम, काल मी भलत्याच गोष्टीची माफी मागितली. खरी मागायची राहिली आहे. तुमच्या घरी येऊ का?"

 त्या म्हणाल्या, "घरी नको, सर. घरी आई-वडील आहेत, त्यांना यातलं काही ठाऊक नाही. मी सांगितलेलंच नाही. जिथं म्हणालात, तिथं म्हणा."

"तालमीला?"

"हो. मी येते. पण बोलणार नाही काही. आणि सगळं ठीक झालं असं समजू नका."

पुढच्या तालमीला त्या आल्या. दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर. ज्याचं व्याख्यान होतं त्याला मी म्हटलं, आधी मला थोडं बोलायचंय. काकांच्या दिवाणखान्यात उभा राहिलो. जवळजवळ सगळे तेच होते.  

मी सुरुवात केली तसे काका म्हणाले, "अहो, जुनं झालं ते. गमतीत म्हणालात. कशाला उगाच उकरता?"

"काका," दाराकडून बाईंचा आवाज आला, "पूर्ण बोलू द्या त्यांना."

काका मागे सरकून बसले. माझी बायको खाली सतरंजीकडे पाहत होती.

मी त्यांच्याकडे वळून म्हणालो, "मॅडम, याच खोलीत मी तुम्हाला म्हणालो होतो की तुमच्या कॉलनीच्या कायद्याने विश्व चालत नाही. ते गमतीत नव्हतं आणि ते विज्ञानही नव्हतं. तुम्ही माझ्यापेक्षा जास्त शिकलेल्या आहात आणि लोक तुमचं मन लावून ऐकत होते. मला ते सहन झालं नाही. म्हणून मी तुमचं घर मध्ये आणलं. ते आणलं की सगळे माझ्या बाजूने हसतील, हे मला आतून माहीत होतं. तुमचं व्याख्यान मी त्या हशाच्या जोरावर काढून घेतलं. दीर्घिकांबद्दल तुमचं बरोबर निघालं असतं किंवा चूक निघालं असतं, तरी मी जे केलं ते तेवढंच वाईट होतं. तुमची, तुमच्या आई-वडिलांची आणि तुमच्या कॉलनीची मी माफी मागतो. चुकलो मी."